आज सिरोंचा जवळ आहे

अंतर बदलत नसतं, असं मी शाळेत आयुष्यभर शिकवलं. नकाशावर दोरा ठेवायचा, तो मोजपट्टीवर धरायचा, प्रमाणाने गुणायचं, झालं. मुंबई ते दिल्ली जेवढं काल होतं तेवढंच आज आहे आणि परीक्षेतही तेवढंच राहणार. त्यामुळे आमच्या परुळ्याच्या सड्यावरच्या, म्हणजे उंच कातळी माळावरच्या, विमानतळावर तो नवा फलक लागला तेव्हा भूगोलाची शिक्षिका म्हणून मला तो माझाच अपमान वाटला.

फलकावर लिहिलेलं असायचं: 'सिरोंचा ते परुळे. आजचं अंतर सहाशे ऐंशी किलोमीटर. वेळ सव्वादोन तास.' दुसऱ्या दिवशी तोच फलक सातशे तीस म्हणायचा. तिसऱ्या दिवशी आठशे. लोकांना त्याचं काही वाटेना. दुधवाला, रिक्षावाला, सगळे जण पावसाबद्दल बोलावं तसे सिरोंच्याबद्दल बोलू लागले. माझा नवरा उमेश तर काजूच्या कारखान्यातून येताना मुद्दाम सड्यावर चढायचा आणि दारातूनच बातमी द्यायचा.

"नीलम, आज सिरोंचा जवळ इला हा."

"सिरोंचा काय म्हशीचा रेडकू आसा, चलान येवक?"

"बोर्डार लिवलेला आसा. माझ्यार कित्याक तापतंस?"

मी तापत होते कारण आतून मला आनंद झालेला असायचा, आणि तो दाखवायची माझी तयारी नव्हती.

सिरोंचा म्हणजे महाराष्ट्राचं दुसरं टोक. आम्ही पश्चिमेला समुद्रात पाय सोडून बसलेले, ते पूर्वेला प्राणहिता आणि गोदावरीच्या संगमावर. नदी ओलांडली की तेलंगण. आमच्या मुलीला, स्वरदाला, नोकरीसाठी सारं जग मोकळं होतं. तिने निवडली तिथल्या जंगलातली डायनासोरची हाडं. कोट्यवधी वर्षांपूर्वी मेलेल्या जनावरांसाठी जिवंत आईला सोडून गेली, आणि वर तिथल्याच श्रीकर कोंडावारशी लग्न केलं. श्रीकर तिथल्या दवाखान्यात डॉक्टर. शांत, हसरा, सासूचं बोलणं मध्येच न तोडणारा. त्याला नावं ठेवायला जागा नव्हती म्हणून मी त्याच्या गावाला नावं ठेवली.

लग्नानंतर स्वरदा वर्षातून एकदा यायची. एक रेल्वे, मग दुसरी रेल्वे, मग बस. दोन दिवस यायला, दोन दिवस जायला, आणि मधे जे काही उरायचं त्यात ती झोपून राहायची. तिला डोळे भरून पाहायचं तरी कधी, असं मला होऊन जायचं.

मग टिटवी आली. टिटवी हे आम्ही ठेवलेलं नाव. विमानाचं खरं नाव म्हणजे चार इंग्रजी अक्षरं आणि तीन आकडे. विजेवर चालणारं, नऊ प्रवाशांचं, आखूड धावपट्टीवर उतरणारं विमान. उतरताना चाकांचे लांब पाय खाली सोडतं आणि सड्यावर टुणटुणत थांबतं, म्हणून टिटवी. सकाळी सिरोंच्याला जायचं, तिथे बॅटरी भरायची आणि दिवसाउजेडी परत यायचं. दिवाळीनंतर एक वर्षाच्या प्रयोगावर ही फेरी सुरू झाली, आणि स्वरदा एका रविवारी संध्याकाळी फोन न करता दारात उभी राहिली.

"आई, बांगडे आहेत?"

बांगडे नव्हते. मी उमेशला तशीच वेंगुर्ल्याला पिटाळली. त्या दिवसापासून आमच्या घरात फ्रीजमध्ये बांगडे कायमचे वस्तीला आले.

आता प्रश्न पडेल की मी का गेले नाही. आमच्याकडे जुना नेम आहे: नातवंड होईपर्यंत लेकीच्या सासरी आईबापाने जेवायचं नाही. भूगोल शिकवणाऱ्या बाईने असला नेम पाळावा याचं उमेशला हसू यायचं. पण माझ्या आईने पाळला होता, तिच्या आईने पाळला होता, आणि मी तो मोडला असता तर वर गेल्यावर दोघींना तोंड दाखवावं लागलं असतं. सव्वादोन तास प्रवास करून कुणाच्या घरी जायचं आणि उपाशी परत यायचं, हे काही माझ्याने होण्यासारखं नव्हतं. म्हणून मी डबा पाठवला.

पहिला डबा साधाच होता. स्टीलचा, कडीचा. त्यात फणसाची साठं, म्हणजे उन्हात वाळवलेल्या गराच्या पोळ्या, कोकमं आणि कुळथाची पिठी. टिटवीने जाणाऱ्या एका नर्सबाईंच्या हाती दिला. आठवड्याने डबा परत आला, आणि उचलताना माझा हात खाली गेला. माझ्या विहीणबाईंनी, भाग्यलक्ष्मीबाई कोंडावारांनी, तो सकिनालूंनी गच्च भरला होता. सकिनालू म्हणजे तांदळाच्या पिठाच्या, तीळ घातलेल्या चकल्यांसारख्या गोल कड्या. वरच्या मोकळ्या जागेत आंब्याचं तिखटजाळ लोणचं.

बरोबरच होतं. भांडं रिकामं परत द्यायचं नसतं, हे कोकणातही आहे आणि गोदावरीच्या काठीही. पण माझा डबा पाऊण भरलेला होता आणि त्यांनी गच्च भरून पाठवला. त्या 'गच्च'मध्ये जे होतं ते ज्याला विहीण आहे त्यालाच कळेल. पुढच्या वेळी मी मोठा डबा घेतला.

त्यांनी तो परत केला, सोबत स्वतःचा एक पितळी डबा जोडून. मग तो पितळी डबा मी रिकामा कसा देऊ? त्यात ओल्या काजूंची उसळ देता येईना, म्हणून सोललेले काजू दिले. सोबत कोकमाच्या आगळाच्या बाटल्या दिल्या. आणि तो पितळी डबा एकटा दिसू नये म्हणून आमची पाच शेराची स्टीलची बरणी दिली. ही बरणी लग्नात मला माझ्या मामाने दिलेली. तिला घट्ट झाकण आणि वर उचलायची कडी. ती आली तांदळाने भरून, आणि मी ती पुन्हा भरून तिकडे धाडली. फोनवर मात्र आमचं बोलणं अगदी गोड.

"विहीणबाई, कशाला एवढं?"

"काही नाही जी, थोडंसंच आहे."

हे आम्हा दोघींचंच होतं तर एक वेळ चाललं असतं. पण टिटवीतला प्रत्येक जण कुणाचा तरी कुणी होता. तिकडून इकडे आलेल्या नर्सा, इकडून तिकडे गेलेले वनखात्यातले लोक, संगमावर पूल बांधणारे इंजिनिअर. एकाने शेजाऱ्याला नारळ नेले, शेजाऱ्याने मोहाची फुलं परत दिली. हिवाळा संपेपर्यंत टिटवीच्या पोटात माणसांपेक्षा डबे जास्त दिसू लागले.

एप्रिलमध्ये, फेरी बुडालेल्या एका दुपारी, टिटवीची पायलट, कॅप्टन निलोफर मुजावर, आमच्या पडवीत येऊन बसली. मिरजेची मुलगी, उंच, बोलायला रोखठोक. मी सरबत दिलं. तिने ग्लास खाली ठेवला आणि सरळ मुद्द्याला हात घातला.

"काकू, या महिन्यात तिसऱ्यांदा मला वाटेत उतरायला लागलं. बॅटरी पुरत नाही."

"मग मोठी बॅटरी घाला."

"मोठी घातली की विमान जड. जड झालं की आणखी वीज. ते काय जमत नसतंय." ती पुढे सरकली. "तुम्ही भूगोलाच्या बाई ना? मग तुम्हाला लगेच कळेल."

मला लगेच कळावं अशी कुणी अपेक्षा केली की मी लक्ष देऊन ऐकते. तिने जे सांगितलं ते असं. विमान जमिनीवरून जात नाही, हवेतून जातं, आणि हवा स्वतःच चालत असते. मी मनात आमची कर्ली खाडी आणली. होडी भरतीबरोबर आत न्यायची तर वल्हं थोडंच मारावं लागतं. ओहोटीत तीच होडी तेवढंच अंतर न्यायला दमछाक होते. काठावरची झाडं जिथल्या तिथे असतात, पण पाणी जास्त कापावं लागतं. सिरोंचा नकाशावर साडेसातशे किलोमीटर. पाठीवर ताशी चाळीसचा वारा असला की टिटवीला हवेतून पावणेसातशेच कापावे लागतात. तोच वारा समोरून आला की पावणेनऊशे. फलकावर लिहिलेलं असायचं ते हे हवेतलं अंतर. हिवाळ्यात वारा पूर्वेकडून येतो, म्हणून तेव्हा तिकडून येणं सोपं आणि इथून जाणं अवघड. उन्हाळ्यात वारा समुद्रावरून येतो आणि सगळं उलटं होतं.

"आणि डब्यांचा काय संबंध?" मी विचारलं.

"पेट्रोलच्या विमानाचं इंधन वाटेत जळून जातं. पोचेपर्यंत विमान हलकं झालेलं असतं. बॅटरीचं तसं नाही. मोबाईल चार्ज असू दे नाहीतर नसू दे, वजन तेवढंच. म्हणजे इथं चढलेला किलो शेवटपर्यंत माझ्या डोक्यावर. टिटवी उडण्याआधी चाकांवर स्वतःचं वजन करते, वारा बघते आणि सांगते, थेट जमेल का नाही ते. एवढ्यात रोज म्हणते, नाही जमणार."

"हिवाळ्यात जमत होतं ना?"

"हिवाळ्यात तुमच्या डब्यांनी रडवलं. आता तिकडच्या डब्यांनी." तिने सरबत एका दमात संपवलं. "काकू, सिरोंचा होता तिथंच आहे. तुम्ही सगळ्यांनी मिळून त्याला लांब ढकललाय."

त्यानंतर तिने खरी बातमी सांगितली. वाटेत उतरलं की बॅटरी भरेपर्यंत दिवस मावळतो आणि दुसऱ्या दिवशीची फेरी बुडते. कंपनी कंटाळली होती. मेच्या अखेरीला, वारा सगळ्यात उलटा असतो तेव्हा, एक शेवटची परीक्षा: सिरोंच्याहून परुळ्याला, नऊच्या नऊ जागा भरून, मधे कुठेही न उतरता. जमलं तर फेरी कायमची. नाही जमलं तर टिटवी दुसऱ्या कुठल्यातरी जवळच्या मार्गावर जाणार.

"आणि डबे बंद करा म्हणून सांगत का नाही तुम्ही?"

"सांगितलं की. सगळे म्हणतात, आमचा एवढासा तर आहे."

ती गेल्यावर मी तिचा ग्लास विसळायला घेतला. मला स्वरदाची आठवण आली. ती एक रेल्वे, दुसरी रेल्वे आणि बस करून आलेली, सोफ्यावर बुटांसकट झोपलेली स्वरदा. मला ते दिवस परत नको होते. चूक कुणाची हे मी सांगणार नाही. पहिला डबा गच्च कुणी भरला हे मी वर लिहिलेलंच आहे.

त्या रात्री जेवताना स्वरदाचा फोन आला. सासूबाई तुमच्याकडे यायचं म्हणतायत, म्हणाली. पहिल्यांदाच. तारीख सांगितली ती नेमकी परीक्षेची. मी विचारलं, "काय आणणार आहेत?"

"तुझी बरणी," स्वरदा म्हणाली. "त्यांच्याकडेच आहे ना."

माझ्या डोळ्यांसमोर ती बरणी उभी राहिली, तांदळाने भरलेली, दोन्ही हातांनी उचलायची. तिच्यामागे त्यांचे आणखी चार डबे, कारण माणूस पहिल्यांदा विहिणीकडे जातो तेव्हा एका बरणीवर भागत नाही.

आता हे विहिणीला सांगायचं कसं? आपल्याकडे 'काही आणू नका' याचा अर्थ 'काही आणू नका' असा होत नाही. ते म्हणायचंच असतं, आणि समोरच्याने ते मोडायचंच असतं. मी दुसऱ्या दिवशी फोन केला.

"भाग्यलक्ष्मीबाई, तुम्ही येताय हेच खूप. काही आणू नका हं."

"असं कसं जी? रिकामं भांडं घेऊन तुमच्या दारात येऊ काय? लोकं काय म्हणतीन?"

"लोक काही म्हणत नाहीत. खरंच नको."

"बरं बरं," त्या हसल्या. "थोडंसंच आणतो."

फोन ठेवल्यावर लक्षात आलं की मी 'खरंच' म्हटल्यामुळे तांदूळ वाढला असणार. दोन दिवसांनी पुन्हा केला. या वेळी विज्ञान समजावलं. वारा, बॅटरी, खाडी, होडी, सगळं. त्यांनी मन लावून ऐकलं आणि म्हणाल्या, "बरोबर आहे जी. बाकीच्या लोकाईले सांगाले पाहिजे. किती सामान भरून राहिले." उमेश बाजूला बसून हसत होता. मी त्याला आत जायला खुणावलं.

आठवडा गेला. सड्यावरच्या फलकावर परतीचं अंतर आठशे चाळीसच्या खाली उतरत नव्हतं. मी शेवटी तिसऱ्यांदा फोन केला, आणि या वेळी भलंबुरं जे होईल ते होवो म्हणून सरळ बोलले.

"भाग्यलक्ष्मीबाई, मी तोंडदेखलं बोलत नाहीये. बरणी भरलेली आली तर विमान वाटेत उतरेल. विमान वाटेत उतरलं तर फेरी बंद होईल. फेरी बंद झाली तर मला माझी मुलगी वर्षातून एकदा दिसेल. मला तांदूळ नको. मला ती जवळ हवी आहे. माझी बरणी रिकामी आणा. मी कुणाला सांगणार नाही."

पलीकडे कुठेतरी कुकरची शिट्टी झाली. मग त्या म्हणाल्या, "बरं," आणि फोन ठेवला. 'बरं' एकदाच म्हणाल्या. 'जी' नव्हतं.

"झाला," मी उमेशला म्हटलं. "माणसा तुटली."

"तुटनत नाय," तो म्हणाला. "जास्तीत जास्त रिकामी बरणी येतली. तुका तीच होयी ना?"

हवी होती. पण विहीण पहिल्यांदा आपल्या घरी येणार आणि तिच्या हातात आपली रिकामी बरणी, हे डोळ्यांसमोर आणलं की मलाच बोचायचं. आपणच मागितलेली गोष्ट आपल्यालाच लागावी, तसं.

परीक्षेच्या दिवशी सकाळपासून समुद्रावरून वारा सुटला होता. सड्यावर गवत एका बाजूला निजलेलं. विमानतळाच्या छोट्या दालनात अर्धं गाव जमलं होतं. कुणी कामासाठी आलेलं नव्हतं. टिटवी आपली राहते की जाते ते बघायला आले होते. कंपनीचे दोन साहेब कोपऱ्यातल्या खुर्च्यांवर बसले होते आणि कुणीतरी त्यांना आग्रहाने तिसरा चहा पाजत होतं.

दुपारी फलक बदलला. 'सिरोंचा ते परुळे. आजचं अंतर आठशे साठ.' खाली दुसरी ओळ आली: 'सध्याच्या वजनात थेट प्रवास शक्य. प्रवासी आठ.'

परीक्षा नऊ जागांची होती. डब्यांनी एका माणसाची जागा खाल्ली होती, हे कुणाला समजावून सांगावं लागलं नाही. एक साहेब घड्याळ बघून दुसऱ्याच्या कानात काहीतरी बोलला.

"तांदूळ," मी उमेशला म्हटलं. "ऐकल्यानी नाय तिणी."

"कशावरना तिचोच?"

"माका म्हायत आसा."

मला रडू येत होतं. रागाचं होतं की कशाचं, ते मला त्या क्षणी सांगता आलं नसतं. मी खिडकीकडे तोंड करून उभी राहिले. तेवढ्यात मागून कुणीतरी ओरडलं. मी वळले. फलकावरचा आठ पुसला गेला होता आणि तिथे नऊ आला होता. त्याखाली 'थेट'. मग 'उड्डाण झाले'.

पुढचे तीन तास त्या दालनातून कुणी हललं नाही. वाटेच्या मध्यावर टिटवी पुन्हा एकदा हिशेब करते: उरलेली वीज, उरलेला वारा. पुरत नसेल तर 'थेट'च्या जागी 'थांबा' येतो. आम्ही सगळे त्या एका शब्दाकडे बघत बसलो होतो. वारा वाढला की फलकावरचं अंतर वाढायचं. आठशे साठचं आठशे सत्तर झालं तेव्हा उमेशने माझा हात धरला. आमच्या लग्नाला एवढी वर्षं झाली, पण त्याने चारचौघांत हात धरल्याचं मला आठवत नाही. मध्य आला. शब्द तसाच राहिला. नंतर कुणीतरी चकल्यांची पिशवी फोडली आणि ती साहेबांपर्यंत फिरली.

टिटवी पश्चिमेचं ऊन अंगावर घेत पूर्वेकडून आली, लांब पाय सोडून, वाऱ्यात जरा तिरकी होत. चाकं टेकली तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवल्या. साहेबसुद्धा उभे राहिले होते.

दार उघडलं. पहिल्यांदा भाग्यलक्ष्मीबाई उतरल्या. जाडजूड, ठेंगण्या, हिरवं काठपदराचं लुगडं, केसात अबोलीचा गजरा. त्यांच्या हातात माझी बरणी होती. एका बोटावर अडकवलेली, वाऱ्याने हेलकावे खात होती.

रिकामी. मी मागितली तशी. मला जिंकल्यासारखं वाटायला हवं होतं. त्याऐवजी लाज वाटली. विहिणीला आपल्या दारात रिकाम्या हाताने यायला लावणारी बाई मी.

मग त्यांच्यामागून स्वरदा उतरली.

ती येणार नव्हती. तिने मला सांगितलंही नव्हतं. मी धावपट्टीच्या कडेला लावलेली दोरी ओलांडून गेले, आणि मला कुणी अडवलं नाही. तिला मिठी मारली तेव्हा ती नेहमीसारखं "आई, सगळे बघतायत" म्हणाली नाही. कॅप्टन निलोफर शिडीवर उभी होती.

"काकू, तुमच्या विहीणबाईंना आमच्या कंपनीत घ्यायला पाहिजे," ती म्हणाली. "टिटवीनं आठ माणसं सांगितली. यांनी दारात उभं राहून एकेकाचे डबे खाली उतरवले. वनखात्याच्या एका साहेबांनी लोणच्याची बरणी सोडायला नकार दिला, तर म्हणाल्या, लोणचं पायजे का सून पायजे ते सांगा. सगळं खाली ठेवल्यावर एका माणसाचं वजन मोकळं झालं. तिथं ही बसली."

"तुमचं काय काय होतं?" मी भाग्यलक्ष्मीबाईंना विचारलं.

"माझं काहीच नव्हतं जी," त्या म्हणाल्या. "मी तं तुमचं ऐकलं होतं. ही बरणी तेवढी." त्यांनी ती माझ्यासमोर धरली. "पण रिकामी नाही आणली. तेवढं काही माझ्यानं झालं नाही."

मी बरणी हातात घेतली. वजन काहीच नव्हतं. ही बाई वाऱ्याने भरून आणते की काय, असं मनात आलं. झाकण घट्ट बसलं होतं. मी ते वळवलं, आणि आतून पांढरं काहीतरी फुगून वर आलं. सावरीचा कापूस. काठोकाठ, दाबून दाबून भरलेला, रेशमासारखा. वाऱ्याने त्यातला एक पुंजका उचलला आणि तो टिटवीच्या पंखावरून पूर्वेकडे, सिरोंच्याच्या दिशेने, तरंगत गेला.

"आमच्याकडे जंगलात सावरी लई," त्या म्हणाल्या. "बोंडं फुटली की वेचून ठेवतो आम्ही. उशी कराले."

"कुणाच्या उशीला?"

त्या स्वरदाकडे बघून हसल्या. सावरीच्या कापसाची उशी कुणाला करतात हे कोकणात काय आणि गोदावरीच्या काठी काय, सगळ्यांना ठाऊक आहे. बरणीभर कापसात मोठ्या माणसाची उशी होत नाही, बाळाची होते. मी स्वरदाकडे पाहिलं. तिचे डोळे भरले होते आणि ती हसत होती.

"दिवाळीच्या सुमारास," ती म्हणाली. "मी फोनवर सांगणार होते. सासूबाई म्हणाल्या, असली गोष्ट फोनवरून सांगत नसतात, समोर जाऊन सांगू."

उमेश मागे येऊन उभा होता. तो म्हणाला, "बरणीचा झाकण लाव गो, सगळो कापूस उडता," आणि चष्मा पुसायला लागला. मी झाकण लावलं नाही. भाग्यलक्ष्मीबाईंनी माझ्या हातातून झाकण घेतलं आणि नीट बसवलं. मला त्या बाईबद्दल त्या क्षणी इतकी माया वाटली की मी त्यांच्या पाया पडायला वाकले. त्यांनी मला मध्येच धरलं.

"असं नका करू जी. तुम्ही सरळ बोलल्या ना, तेव्हाच मले कळलं. इतक्या दिवसात पहिल्यांदा तुम्ही मले घरातलं समजून बोलल्या."

दोन दिवस त्या आमच्याकडे राहिल्या. कोकणातलं जे जे खाता येईल ते सगळं मी त्यांना त्यांच्या पोटातूनच न्यायला लावलं, कारण पोटातलं वजन टिटवी कुणाच्या नावावर टाकत नाही. परत जायच्या आदल्या संध्याकाळी त्या पडवीत म्हणाल्या, "आता तुम्हीही या जी. एवढं जवळ झालं."

मी नेम सांगितला. नातवंड होईपर्यंत जेवायचं नाही, म्हणून.

"ते तं झालंच ना," त्या म्हणाल्या. "पोटात असलं म्हणून काय झालं? रोज माझ्याच घरी जेवून राहिलं."

मी मनात आईला आणि आजीला विचारून पाहिलं. दोघींचीही हरकत दिसली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सड्यावर वारा पाठीशी होता. फलकावर सहाशे पंच्याऐंशी. कापूस मी घरी ठेवून घेतला होता. उशी मी शिवणार. बरणी मात्र माझ्या हातात होती, कारण आता देण्याची पाळी माझी. तिच्यात काय घालायचं यावर मी रात्रभर विचार केला होता. पूर्वेकडे जाताना वारा आपला असतो, किलोभर काजू सहज बसले असते. पण शेवटी मी तळाला चिमूटभर साखर टाकली आणि झाकण लावलं.

भाग्यलक्ष्मीबाई आणि स्वरदा पुढे जाऊन बसल्या. कॅप्टन निलोफरने शिडीपाशी माझ्या हातातली बरणी घेऊन तोलली आणि भुवया उंचावल्या.

"काकू, यात काही नाही की."

"आहे," मी म्हटलं. "आणि या वेळी बरणीबरोबर मी आहे."

मी आत चढले. उमेश दोरीपलीकडून हात हलवत होता. टिटवीने चाकांवर माझं वजन केलं, वारा पाहिला, आणि पुढच्या छोट्या पडद्यावर शब्द उमटला. थेट.